दगडावरील अक्षरे आणि वाचनशिक्षण : ऐतिहासिक धार्मिक वास्तूंचा शालेय साक्षरतेसाठी उपयोग

प्रस्तावना

शालेय शिक्षणात ‘साक्षरता’ या संज्ञेचा अर्थ पुष्कळदा अक्षरओळखीपुरता मर्यादित राहतो. मुलाने फळ्यावरचा शब्द मोठ्याने उच्चारला की त्याला वाचता येते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात उच्चार आणि अर्थग्रहण यांत मोठे अंतर असते. ग्रामीण भारतात २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणांत पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नसल्याचे वारंवार आढळले आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट ठरले, तरी मुलाने काय वाचावे आणि कशासाठी वाचावे, हा प्रश्न शिक्षकापुढे उरतोच.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचे तत्त्व अग्रस्थानी मानले. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत शाळेबाहेरचे सर्वांत जुने लिखित साधन म्हणजे एखादे देऊळ, लेणे, मठ, दर्गा, चर्च किंवा समाधी असते. त्यावर कोणीतरी, कधीतरी, काही हेतूने अक्षरे कोरलेली असतात. या अक्षरांचा वाचन व लेखन शिकविण्यासाठी कसा उपयोग करता येईल, त्याची मर्यादा कोठे आहे आणि त्यात कोणती काळजी घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाहण्याची वास्तू आणि वाचण्याची वास्तू

शाळांच्या सहली ऐतिहासिक धार्मिक स्थळांना नेहमीच जातात. परंतु सहलीत वास्तू बहुधा ‘पाहिली’ जाते. मार्गदर्शक माहिती सांगतो, मुले ती ऐकतात, परतल्यावर ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहिला जातो आणि त्यात सकाळी किती वाजता निघालो, डब्यात काय नेले यांचेच वर्णन अधिक असते. वास्तू निबंधाचे निमित्त ठरते, निबंधाचा आधार ठरत नाही.

वाचनशिक्षणाच्या दृष्टीने वास्तूचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाला आधीच ठाऊक असतात, हे मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे त्याचे वाचन ही परीक्षेची तयारी बनते. कोरीव लेखाचे तसे नसते. तो लहान असतो, अनेकदा एका ओळीचा असतो; त्याला लिहिणारा, वाचणारा आणि हेतू असतो; आणि तो ज्या वस्तूविषयी बोलतो ती वस्तू समोरच उभी असते. खांबावरचा लेख त्या खांबाविषयी बोलतो, पायरीवरचा लेख त्या पायरीवर वाकलेल्या माणसाविषयी बोलतो. शब्द आणि वस्तू यांचे असे सान्निध्य वर्गातील छापील पानावर क्वचितच मिळते.

दानलेखातील पाठ : कार्ले

याचे उत्तम उदाहरण लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहात मिळते. या चैत्यगृहात ३७ खांब आहेत आणि त्यांपैकी अनेकांवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील दानलेख आहेत. हे लेख दोन हजार वर्षांच्या आसपासचे असून त्यांची रचना साचेबद्ध आहे. दाता कोठला, त्याचा व्यवसाय वा समाज कोणता, त्याचे नाव काय आणि त्याने काय दिले, एवढेच ते सांगतात. शेवटी बहुधा ‘दानं’ हा शब्द येतो. धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दरवाजा दिला. त्याच गावच्या यवनांनी खांब दिले. वैजयंती येथील भूतपाल या श्रेष्ठीने आपण पूर्ण केलेले शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे नोंदविले.

ब्राह्मी लिपी शाळकरी मुलांना शिकविणे हा येथे हेतू नाही. शिक्षकाने अशा आठदहा लेखांचे देवनागरी लिप्यंतर कागदावर द्यावे आणि मुलांना इतकेच विचारावे की, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो? थोड्याच वेळात ‘दानं’ सापडते. मग ‘धेनुकाकट’ हे गावाचे नाव असावे, असा तर्क होतो. खांबाशेजारी उभे राहून ‘थंभ’ हा शब्द वाचल्यावर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दरवाजासाठी ‘घरमुख’ आणि लेण्यासाठी ‘सेलघर’ हे शब्द आले की, ‘घर’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द दोन सहस्रकांपूर्वीच्या दगडावर आहे, हे मुलांच्या ध्यानात येते. कोठला, कोणाचे, काय, दान अशी चार घरे वहीत आखून प्रत्येक लेखातील शब्द योग्य घरात भरण्याचा अभ्यास म्हणजे वाक्यरचनेचाच अभ्यास होय. व्याकरणाची परिभाषा न वापरता षष्ठी विभक्तीचे कार्य त्यातून समजते.

ही रीत केवळ मुलांसाठी केलेली सोय नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने सांची येथील स्तूपावरील लहान लेखांचे ठसे पाहताना नेमके हेच केले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्याच्या लक्षात आले. धार्मिक स्थळी लोक दान देतात आणि ते नोंदवितात, या माहितीवरून ती अक्षरे ‘दानं’ अशी असावीत, असा तर्क त्याने केला. त्या तर्कातून ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे निश्चित झाली आणि ब्राह्मी लिपीच्या उलगड्याला निर्णायक चालना मिळाली. वाचन म्हणजे आकृतिबंध ओळखणे, परिस्थितीवरून अंदाज बांधणे आणि तो पुढील मजकुरावर तपासणे, हे या घटनेतून स्पष्ट होते. पाचवीतील मूल अनोळखी शब्दापाशी अडते तेव्हा त्याला याच तीन कृती कराव्या लागतात.

देवनागरीतील लेख : रायगड, पाटण, पंढरपूर

देवनागरीत कोरलेले मराठी लेख मुलांना अधिक जवळचे वाटतात. रायगडावरील जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इटळकर (इंदुलकर) यांची अवघ्या पाच शब्दांची मराठी ओळ आहे. आपण सेवेत तत्पर आहोत, एवढेच ती सांगते. गडावरील इमारतींच्या बांधणीशी ज्याचे नाव जोडले जाते, त्याने आपले नाव भाविकांच्या पायाखाली यावे अशा ठिकाणी कोरले आहे. मुलांना प्रथम ही ओळ नुसती वाचू द्यावी आणि नंतर एकच प्रश्न विचारावा : हे नाव भिंतीवर उंच न कोरता पायरीवर का कोरले असेल? ‘ठायी’ हे रूप आजच्या बोलीत विरळ झाले आहे; त्याऐवजी आज काय म्हणतात, हे मुले स्वतः शोधतात. त्याच मंदिराच्या दारालगत शके १५९६चा संस्कृत शिलालेख आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन १६७४ येते. राज्याभिषेकाचे वर्ष अशा रीतीने गणिताने हाती लागते आणि मग ते विस्मरणात जात नाही.

चाळीसगावजवळील पाटण येथील भवानीच्या देवळातील शके ११२८चा शिलालेख शिक्षणक्षेत्रातील वाचकांसाठी विशेष अर्थपूर्ण आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात असून अखेरचा भाग मराठीत आहे. विद्वत्तेची परंपरा सांगताना संस्कृत, आणि बाजारातील मालावरचा कोणता वाटा मठाला द्यावयाचा हे सांगताना मराठी, अशी ही विभागणी आहे. ज्यांनी द्यावयाचे त्यांना कळले पाहिजे, म्हणून ती भाषा निवडली गेली असावी. विक्रीच्या मालासाठी तेथे ‘केणे’ हा शब्द आहे. कोणाला उद्देशून लिहायचे त्यावरून भाषा ठरते, हा लेखनकौशल्याचा मूलभूत धडा यातून आठवीनववीच्या विद्यार्थ्यांना देता येतो. एका पाठशाळेच्या खर्चाची तरतूद देवळातील दगडावर मराठीत नोंदली जावी आणि तीही ‘ज्ञानेश्वरी’च्या कित्येक दशके आधी, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळातील आहे. मंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची ती यादी आहे आणि यादव राजा रामचंद्र व त्याचा मंत्री हेमाद्री यांचे उल्लेख तीत आहेत. या शिळेला पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी समजूत रूढ झाली आणि भाविकांच्या पाठींनी अक्षरे झिजत गेली. लेख वाचणारे उरले नाहीत तेव्हा त्याचे पूजावस्तूत रूपांतर झाले. साक्षरतेचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

अन्य धर्मीयांच्या वास्तू

हा उपक्रम हिंदू व बौद्ध वास्तूंपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. मुंबईतील ‘शाआर हारहमीम’ हे बेने इस्रायली समाजाचे सभास्थान १७९६ साली उभे राहिले. ‘मस्जिद’ या रेल्वेस्थानकाच्या नावाचा उगम या प्रार्थनास्थळाशी जोडला जातो. बेने इस्रायली समाजाच्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठीही आढळते. मराठी ही आपल्याच धर्माची भाषा आहे, असा मुलांच्या मनात नकळत रुजलेला समज अशा वाचनाने सैल होतो. गोव्यातील राशोल येथे १६१६ साली थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत, परंतु रोमन लिपीत छापले गेले. भाषा आणि लिपी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समजावण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. वाईजवळच्या मेणवली येथील घाटावरील मंदिरात वसईच्या मोहिमेनंतर आलेली घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह मारियेची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. चर्चची घंटा देवळात कशी आली, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी १७३९च्या वसई मोहिमेविषयी वाचतात.

‘सांगतात’ आणि ‘लिहिले आहे’

प्रत्येक जुन्या वास्तूभोवती दंतकथा असते. नाशिकच्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात आणि ती पांडवांनी कोरली, असे परिसरात सांगितले जाते. लेण्यांतील लेख मात्र नहपानाचा जावई उषवदात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आणि अनेक सामान्य दात्यांची नावे सांगतात. अशा वेळी शिक्षकाने दंतकथेची टवाळी करू नये आणि तिला इतिहासही ठरवू नये. वहीचे पान मधोमध विभागून एका बाजूस ‘सांगतात’ आणि दुसऱ्या बाजूस ‘लिहिले आहे’ अशी शीर्षके द्यावीत. आजीने, गुरवाने किंवा मुजावराने सांगितलेली कथा पहिल्या रकान्यात, लेखात वाचलेली माहिती दुसऱ्या रकान्यात नोंदवावी. पहिल्या रकान्यासाठी मुलाला ऐकून मुद्दे टिपावे लागतात; दुसऱ्यासाठी वाचून सार काढावे लागते. भाषाशिक्षणातील श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही चारही कौशल्ये एकाच पानावर एकत्र येतात.

यापुढे जाऊन तिसरा रकाना ‘दिसते’ या शीर्षकाचा करता येतो. त्यात गाभारा, सभामंडप, ओवरी, दीपमाळ, नगारखाना, जोते, कळस, कीर्तिमुख यांसारखे शब्द मुले त्या त्या भागासमोर उभे राहून लिहितात. विधानाचा आधार कोणता, तो ऐकीव, लिखित की प्रत्यक्ष पाहिलेला, हे ओळखण्याची सवय हाच प्रौढ वाचनाचा पाया आहे. वृत्तपत्रातील बातमी किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचतानाही पुढे हीच सवय उपयोगी पडते.

अध्यापनाचे टप्पे

हा उपक्रम तीन टप्प्यांत करणे इष्ट ठरते. भेटीपूर्वी शिक्षकाने स्वतः वास्तू पाहून दोन किंवा तीनच लेख निवडावेत, त्यांचे विश्वसनीय वाचन मिळवावे आणि वर्गात लिप्यंतरावर सराव घ्यावा. भेटीच्या वेळी चारपाच मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाला एकच लेख आणि एकच प्रश्न द्यावा. झिजलेली अक्षरे तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसतात. म्हणून सकाळची वा सायंकाळची वेळ निवडावी, अथवा बाजूने विजेरीचा झोत टाकावा. भेटीनंतर लेखनाचा टप्पा येतो. दानलेखाच्या चार घरांचा साचा वापरून मुलांनी आपल्या शाळेतील वस्तूंचे लेख लिहावेत : शाळेची विहीर कोणी बांधून दिली, घंटा कोणी दिली, झाड कोणी लावले. वरच्या वर्गांनी वास्तूसाठी शंभर शब्दांचा माहितीफलक लिहावा. वाचणारा उभा आहे, उन्हात आहे आणि घाईत आहे, हे ध्यानात ठेवून लिहिलेला मजकूर आपोआप नेमका होतो.

एक मर्यादा येथे स्पष्ट केली पाहिजे. प्रारंभिक अक्षरओळखीला हा पर्याय नाही. ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला शिलालेखापुढे उभे केल्यास त्याची भीतीच वाढेल. साधारणतः चौथीपासून पुढे, वाचन येते परंतु अर्थ लागत नाही अशा अवस्थेतील मुलांना याचा खरा लाभ होतो.

वास्तू कोणाची?

धार्मिक वास्तूला शैक्षणिक साधन मानताना एक प्रश्न टाळता येत नाही. ही दारे सर्वांना खुली नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावे लागले. ज्या भिंतीवरील लेख आज मूल वाचते, त्या भिंतीजवळ त्याच्या पणजोबांना उभे राहता आले नसेल, ही शक्यता शिक्षकाने विसरू नये. हा इतिहास वगळून केलेले वास्तूचे वाचन अपुरे राहते. उलट, पूर्वी ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले त्यांच्या नातवंडांनी तेथील अक्षरे सर्वांदेखत वाचणे, यातच या उपक्रमाचे सामाजिक मूल्य आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तसेच मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. त्यामुळे भेटीत दर्शन, आरती किंवा प्रसाद यांचा समावेश नसावा आणि पालकांना उद्दिष्ट लेखी कळवावे. ज्या मुलाला आत जावयाचे नाही त्याच्यासाठी बाहेरील दीपमाळ, बारव किंवा प्राकाराची भिंत यांवर तितकेच महत्त्वाचे काम असावे. कोणत्याही मुलीला अथवा मुलाला प्रवेश नाकारला जाईल असे स्थळ मुळातच निवडू नये.

लेखांचे जतन

अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, शेंदूर, तेल किंवा पीठ भरण्याची प्रथा आढळते. तिने दगडाची हानी होते. संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण हा १९५८च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा असून २०१०च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शालेय गटाने ठसे घेऊ नयेत. छायाचित्र आणि हाताने काढलेली प्रतिकृती पुरेशी आहे. प्रतिकृती काढताना मूल प्रत्येक रेषेकडे लक्षपूर्वक पाहते, त्यामुळे शैक्षणिकदृष्ट्याही तीच अधिक फलदायी असते. ज्याने एकदा झिजलेले अक्षर कष्टाने लावले आहे, तो त्याशेजारी आपले नाव कोरणार नाही, अशी अपेक्षा ठेवता येते.

महाविद्यालयांची भूमिका

प्राथमिक शिक्षकाकडे शिलालेखाचे शुद्ध वाचन नसते आणि ते मिळविण्याची साधनेही बहुधा नसतात. येथे महाविद्यालयांना निश्चित कार्य आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) हा संग्रह अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत आहे. मराठी व इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील धार्मिक वास्तूंवरील लेखांची सूची करावी, त्यांपैकी मुलांना उपयुक्त असे पाच लेख निवडून प्रत्येकाचे मूळ वाचन, आजच्या मराठीतील अर्थ, शब्दसूची आणि तीन प्रश्न अशी एकपानी पाठपत्रिका तयार करावी. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती सराव पाठांत वापरून पाहावी आणि मुले कोठे अडली याची नोंद विभागाकडे परत द्यावी. निवड करताना विवेक हवा. उदाहरणार्थ, गधेगाळाच्या शिळांवरील शापवचने व शिल्पे लहान वर्गांसाठी योग्य नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही या कामातून आपल्या परिसराचा अभ्यास कसा करावा याचे प्रशिक्षण मिळेल.

समारोप

ऐतिहासिक धार्मिक वास्तू हे साक्षरतेच्या समस्येवरील एकमेव उत्तर नाही. तथापि वाचन ही अर्थ शोधण्याची कृती आहे, हे मुलाला अनुभवातून पटवून देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. कार्ल्याच्या खांबावर नाव नोंदविणारा यवन, पाटणच्या मठासाठी तरतूद करणारा चांगदेव आणि जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव ठेवणारा हिरोजी यांनी आपले लेखन पुढे कोणीतरी वाचील, या विश्वासाने दगडावर सोपविले. पंढरपूरच्या शिळेवर तो विश्वास काही काळ फसला. शाळा आणि महाविद्यालये एकत्र आली तर गावोगावच्या अशा शिळांना पुन्हा वाचक मिळतील आणि त्या वाचकांना आपण का वाचतो याचे उत्तर मिळेल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एका वास्तूवरील एक लेख, त्याचे शुद्ध वाचन आणि तो मुलांसमवेत वाचण्याची तयारी असलेला एक शिक्षक एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो.